अंगण आणि वाडी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने स्वतःला ठाऊक असलेल्या विषयावर चार ओळी लिहाव्यात, असे अध्यक्षबाईंचे म्हणणे पडले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोठा ग्रंथ लिहिण्याची माझी पात्रता नाही. परंतु घराभोवती चार भाज्या लावणे हा विषय आपणा सर्वांच्या रोजच्या परिचयाचा आहे, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे ही गोष्ट मात्र पुष्कळ भगिनींच्या ध्यानी आली नसेल. दुसरे असे की, आपल्या मुली, नणंदा, भाच्या आता बोईसर, विरार, नालासोपारा येथील इमारतींत संसार करीत आहेत. २०१३ साली विरारची लोकल डहाणूपर्यंत येऊ लागली, तेव्हापासून त्यांचे माहेरी येणेजाणे सोपे झाले. आल्या की मोठ्या हौसेने विचारतात, "आमच्या गॅलरीत काय लावता येईल?" ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी आपल्या मागच्या पिढ्यांनी काय केले, कधी केले आणि कधी सोडून दिले, हे पाहिले तर उत्तर अधिक नीट देता येईल, असे मला वाटते.

प्रथम शब्दच पाहू. घराच्या पुढे अंगण आणि घराच्या मागे परस. अंगणात तुळस, परसात भाजी, अशी ही जुनी वाटणी. परसातल्या बागेला परसबाग म्हणतात. आपल्या समुद्रपट्टीवर बागेला सरळ 'वाडी' म्हणतात; चिकूची वाडी, नारळाची वाडी, पानाची वाडी. आता गंमत अशी की, आपल्या कोसबाडचे नाव ज्या कामामुळे साऱ्या देशात गेले, त्या कामाच्या नावातही अंगण आणि वाडी हेच दोन शब्द आहेत.

ताराबाई मोडक ह्यांचा जन्म १८९२ सालचा. भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचे काम केले, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार काढला. शहरातल्या शिकलेल्या घरांतील मुलांसाठी झाले, तर मग खेड्यातल्या मुलांचे काय, ह्या विचाराने १९४५ साली त्या बोर्डीस आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, म्हणून 'अंगणवाडी'. आणि गुरे राखणारी मुले कुरणातून येऊ शकत नाहीत तर शाळेने कुरणात जावे, म्हणून 'कुरणशाळा'. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि त्या योजनेने अंगणवाडी हा शब्द देशभर पोचवला.

बालवाडी म्हणजे मुलांची बाग. हा अर्थ दूरदेशीही असाच आहे. जर्मनीत फ्रोबेल नावाचे शिक्षक होऊन गेले. त्यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. आणि ते नुसते नाव नव्हते. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा दिलेला असे आणि त्याची निगा त्या मुलानेच राखावयाची असे. रोपाला पाणी घालणाऱ्या मुलाला धीर धरणे आपोआप कळते. आजही आपल्या अंगणवाडीच्या दाराशी सेविकाताई शेवगा, पालक, लाल माठ लावतात, तेव्हा हा जुना अर्थच पुन्हा खरा होतो.

आता भाज्यांकडे वळू. आपण जिला 'आपली भाजी' म्हणतो ती सगळी आपली आहे काय? वांगे आपले, काकडी, दोडका आणि तूर हीही ह्याच देशातली. दुधी मूळचा आफ्रिकेकडचा, परंतु तो इतक्या प्राचीन काळी आला की त्याला परका म्हणवत नाही. उलट मिरची, टोमॅटो, बटाटा, रताळे, लाल भोपळा, मका, भुईमूग, तसेच पेरू, पपई, सीताफळ, अननस, काजू हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. आणि डहाणू-घोलवडचा जो चिकू आपण अभिमानाने पाहुण्यापुढे ठेवतो, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तोही मूळचा मेक्सिकोच्या बाजूचा!

ही मंडळी येथे आली कशी? १४९८ साली पोर्तुगीज जहाजे कालिकतला लागली. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतले, १५३४ मध्ये वसई आणि १५५९ मध्ये दमण. वसईपासून दमणपर्यंतच्या ह्या किनाऱ्यावर त्यांची सत्ता चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेपर्यंत होती. आपले डहाणूही त्यांच्याच ताब्यात होते. त्यांच्या जहाजांतून ही झाडे आणि बी-बियाणे आपल्या देशात उतरले. त्यांच्या नावांतच त्यांचा प्रवास लिहिलेला आहे. बटाटा, काजू, पपई, अननस, पेरू, कोबी हे शब्द पोर्तुगीजांकडून आपण घेतले. मिरची येण्यापूर्वी आपल्या आज्या-पणज्या तिखटाला मिरी, पिंपळी आणि आले वापरीत. म्हणून नवीन आलेल्या तिखट फळाला मिरीवरूनच मिरची हे नाव पडले. फ्लॉवर तर त्याहून उशिरा, म्हणजे १८२२ साली, सहारनपूरच्या कंपनी बागेत प्रथम लावला गेला.

हे सांगण्याचा हेतू एवढाच की, परसात नवी गोष्ट लावून पाहणे हे काही आजचे खूळ नव्हे. कोणी तरी पहिल्यांदा मिरचीचे बी हातात घेतले असेल, हे काय उगवते ते पाहू म्हणून चुलीमागे टाकले असेल, आणि पुढल्या वर्षी शेजारणीला मूठभर दिले असेल. मिरची घरोघर पोचण्यासाठी कोणा राजाने हुकूम काढावा लागला नाही. आज मिरचीवाचून आपली एकही चटणी होत नाही. बियाणे हातातून हातात गेले की चारशे वर्षांत केवढे काम होते, ह्याचे हे उदाहरण आहे. नवशिक्या बाईने मनात धास्ती बाळगू नये. ह्या बाबतीत आपण सगळ्याच एके काळी नवशिक्या होतो.

भाजी हे केवळ पोटाचे साधन आहे असेही आपल्या संतांनी मानले नाही. तेराव्या शतकात पंढरपूरजवळ अरण येथे सावता माळी होऊन गेले. त्यांनी आपल्या भाजीच्या मळ्यातच पांडुरंग पाहिला. मळ्यात निंदणी करणारे हात आणि देवापुढे जोडलेले हात वेगळे नाहीत, ही शिकवण आपल्या मातीत इतकी जुनी आहे.

मग घरची भाजी मागे का पडली? वसई-विरारच्या बाजूचे वाडीवाले पूर्वीपासून भाजी, केळी, पान पिकवीत. रेल्वे झाली, १८६७ साली विरारहून मुंबईस रोजची गाडी सुरू झाली. वाडीतला माल सकाळी मुंबईच्या बाजारात जाऊ लागला, आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार भाजी विकणारी वसईवाली मुंबईच्या चाळींत ओळखीची झाली. मुंबईतल्या गृहिणीला परस नव्हताच. एका खोलीचा संसार, नळावर रांग. तिला दारात ताजी भाजी मिळू लागली हे चांगलेच झाले. परंतु भाजी ही 'लावण्याची' वस्तू न राहता 'घेण्याची' वस्तू झाली, ती तेव्हापासून. हळूहळू हीच रीत लहान गावांतही पोचली. आज आपल्या डहाणू तालुक्यात ढोबळी मिरचीची शेती होते आणि तो माल मोठ्या शहरांत जातो. आणि आपण मात्र कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाहेरगावच्या टेम्पोची वाट पाहतो. बाजारासाठी पिकवावे, त्यात गैर काही नाही. त्यावर अनेकींचे संसार चालतात. पण ताटासाठी दोन वेल ठेवायला कोण अडवते?

टंचाई आली की मात्र परसाची आठवण होते, असे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम हाती घेतली आणि मोकळ्या जागांत भाजीपाला लावण्याचा प्रचार झाला. विलायतेत तेव्हा लोकांनी बागा आणि मैदाने खणून बटाटे लावले. अमेरिकेत 'विजयाच्या बागा' निघाल्या. सुमारे दोन कोटी कुटुंबांनी अशा बागा केल्या असे सांगतात, आणि अध्यक्षांच्या पत्नी एलिनोर रूझवेल्ट ह्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या हिरवळीवर भाजी लावविली. युद्ध संपले आणि त्या बागाही बहुतेक संपल्या.

स्वातंत्र्यानंतरही धान्याची ओढाताण होतीच. १९५० साली कन्हैयालाल मुनशी ह्यांनी वनमहोत्सव सुरू केला. त्यांच्या पत्नी लीलावती मुनशी ह्यांनी स्त्रियांची अन्न परिषद उभारून 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहे काढली, आणि तांदूळ-गव्हाऐवजी रताळ्यासारखे पदार्थ वापरून पाहण्याचा प्रचार केला. पुढे १९६५ साली परदेशच्या गव्हावर देश अवलंबून असताना पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांनी 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली, सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, आणि दिल्लीतील आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशी मिलोच्या भाकरी खाल्ल्या आणि सुकडीवर मुले जगवली. प्रत्येक वेळी 'घरोघर भाजी लावा' असे सांगितले गेले. प्रत्येक वेळी लोकांनी मनापासून लावली. आणि बाजारात माल आला की कुंड्या रिकाम्या पडल्या.

ह्याचे कारण काय असावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे कारण असे की, ह्या बागा भीतीतून निघाल्या होत्या. भीती गेली, बागही गेली. जी बाग सवयीतून निघते, ती राहते. ह्याचा दाखला हवा असेल तर फार लांब जाण्याची गरज नाही. आपल्या पाड्यांवर जाऊन पाहावे. पहिला पाऊस पडला की कुडाच्या भिंतीशी काकडीचे, दुधीचे, शिराळ्याचे बी टोचले जाते आणि श्रावणापर्यंत वेल छपरावर चढतो. ती 'मोहीम' नव्हे. तिला फलक नाही, उद्घाटन नाही. सासूने सुनेला दाखवले, सुनेने लेकीला, एवढेच. त्याखेरीज रानाची परसबाग आहेच. पावसाच्या तोंडाशी शेवळे, त्यांची खाज मारण्यासाठी त्यांत घालावयाची काकडाची फळे. मग टाकळा, कुरडू, कोळीभाजी, कंटोळी, बांबूचे कोंब. कोणता पाला कोवळा असतानाच खावा, कोणता उकळून पाणी टाकून द्यावा, हे शास्त्र पाड्यावरच्या बाईला तोंडपाठ असते. कोसबाडला कृषीचे शिक्षण देणारी संस्था आहे, १९७६ पासून कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे पुष्कळ शिकण्यासारखे आहे आणि आपण जावेच. परंतु पाड्यावरचे हे शिक्षणही त्याच मोलाचे आहे, आणि ते कोणत्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही. जिला येते ती गेली, की ते तिच्याबरोबर जाते. मला खरी काळजी वाटते ती ह्याची.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांचे नाव आपण ऐकले असेल. शाळेत न गेलेली ही आदिवासी शेतकरी स्त्री. गावातले जुने वाल, वांगी, भाज्या, भात ह्यांचे बियाणे त्यांनी जमवले, मातीच्या घरात जपले आणि बायकांना वाटले. लोक त्यांना बीजमाता म्हणू लागले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे जपणे हे काम आपल्या घरोघरच्या म्हाताऱ्या करीतच आल्या आहेत. राखेत घोळून मडक्यात ठेवायचे, शेणात कालवून भोपळ्याच्या बिया भिंतीवर थापायच्या, सुकलेला दोडका बियांसकट आढ्याला टांगायचा. त्या कामाला मान मिळाला, तो राहीबाईंच्या रूपाने आपणा सर्वजणींना मिळाला असे मी समजते.

आता शहराकडे वळते, कारण प्रश्न गॅलरीचा आहे. जागा नाही म्हणून बाग नाही, ह्या समजुतीला महाराष्ट्रातच काही मंडळींनी उत्तर दिले. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मूळचे गणिताचे अभ्यासक. त्यांनी 'प्रयोग परिवार' ह्या नावाने शेतकऱ्यांना एकत्र करून, घरच्या घरी प्रयोग करा आणि एकमेकांस सांगा, अशी रीत घालून दिली. पाच माणसांच्या कुटुंबास दहा गुंठे जमीन नीट कसली तर पुरे पडते, असे ते हिशेबाने मांडीत. त्यांचा सगळा भर सूर्यप्रकाश आणि पालापाचोळा ह्यांवर होता. ऊन फुकट, पाला फुकट. त्याचे अन्न करण्याचे काम झाडाचे. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी ह्यांनी आपल्या गच्चीवर ही वाट चोखाळली. गच्चीवर मातीचे ओझे नको, म्हणून रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडे आणून ती पिंपांत आणि पिशव्यांत भरली, वर थोडीशी माती घातली, आणि फळझाडे व भाज्या पिकवल्या. २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या व्यवस्था पाहणाऱ्या प्रीती पाटील ह्यांनी त्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग सुरू केली. हजारो कामगारांच्या जेवणाचा ओला कचरा रोज निघत होता. तो गाडीत घालून पाठवण्याऐवजी त्याचीच माती केली आणि त्या मातीत भाजी आणि फळझाडे वाढवली. पुढे शहरातील इतर लोकही हे शिकले. एका स्वयंपाकघराकडे पाहणाऱ्या बाईला हे सुचले, ह्याचे मला विशेष कौतुक वाटते. भाजीची देठे आणि साले रोज जिच्या हातून जातात, तिलाच हे सुचावयाचे.

तर आता नव्याने आरंभ करणाऱ्या भगिनीसाठी, ह्या साऱ्या अनुभवाचा गोषवारा सांगते.

पहिली गोष्ट ऊन. गॅलरीत दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन येत असेल तर मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी होतील. तीन-चार तासच येत असेल तर पालेभाजी, कोथिंबीर, पुदिना, आळू ह्यांवर समाधान मानावे. ऊन किती येते ते एक दिवस बसून घड्याळावर पाहावे. बी मागाहून आणावे.

दुसरी गोष्ट भांडे. महागड्या कुंड्यांची गरज नाही. तेलाचा रिकामा डबा, फुटकी बादली, जुनी गोणी चालते. मात्र तळाला भोके हवीत. मिरची-वांग्याला वीतभर नव्हे, चांगली फूटभर खोली हवी. मेथी, माठ, पालक ह्यांना वीतभर पुरते. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा चिपाडे, वर सुका पाला, त्यावर माती आणि कुजलेले खत असे थर द्यावेत. कुंडी हलकी राहते आणि ओलही टिकते.

तिसरी गोष्ट ऋतू. पावसाळ्यात काकडी, दोडका, पडवळ, कारले, भेंडी. दिवाळीच्या आगेमागे वांगी, टोमॅटो, मिरची, मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर, वाल. उन्हाळ्यात गवार, चवळी, भेंडी, लाल माठ. कोथिंबीर मे महिन्यात लावून ती जळाली तर आपल्या हाताला दोष देऊ नये. तिचा तो काळच नव्हे. धणे पेरताना हलके रगडून दोन फाकी कराव्यात आणि रात्रभर भिजवावेत.

चौथी गोष्ट पाणी आणि खत. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी वाया घालवू नये. बोट मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. नवशिकीची झाडे पाण्यावाचून मरतात त्याहून अतिपाण्याने अधिक मरतात. खतासाठी अमृतजलाची कृती सोपी आहे. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम गूळ घालून तीन दिवस ठेवावे, रोज ढवळावे, आणि दहापट पाणी मिसळून झाडांना घालावे. शहरात शेण मिळाले नाही तर माहेरहून सुक्या गोवऱ्या न्याव्यात; लोकलमध्ये त्यांना कोणी हसले तर हसू द्यावे!

पाचवी गोष्ट कीड. मावा पडला तर सकाळी पानांवर राख भुरभुरावी. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात आणि गाळून फवाराव्यात. वरच्या मजल्यावर मधमाशी येत नसेल तर भोपळ्याचे व दुधीचे फूल गळून जाते. अशा वेळी भोपळ्याचे नरफूल सकाळी तोडून मादीफुलाला, म्हणजे ज्याच्या देठाशी इवलेसे फळ दिसते त्याला, अलगद लावावे. दुधी मात्र संध्याकाळी फुलतो, म्हणून त्याचे हे काम दिवेलागणीला करावे.

एवढे केल्यावर किती भाजी मिळेल? येथे खरे बोलले पाहिजे. माणसाने रोज सुमारे चारशे ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच माणसांच्या घरास दिवसाला दोन किलो. दहा कुंड्यांतून एवढे निघणार नाही, आणि कोणी निघते असे सांगितले तर विश्वास ठेवू नये. दहा कुंड्यांतून निघेल ती मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता, आठवड्यातून एक-दोन वेळची पालेभाजी आणि एखाद दिवशी चार वांगी. पण ह्या थोडक्याचे मोल मोठे आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के, आणि महाराष्ट्रातील ५४ टक्के, स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे आपल्या सभेच्या सतरंजीवर बसणाऱ्या दोघींतील एक! केवळ पालेभाजीने हे दुखणे जात नाही. दवाखान्यातील गोळ्या घेतल्याच पाहिजेत, आणि पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी अधिक लागते. तथापि बाजारातून आणलेली जुडी संपत आली की घरच्या बाईच्या वाट्याला कालवणाचे पाणी येते, हे आपण सर्वजणी जाणतो. दारात माठ वाढत असेल तर ती स्वतःसाठी चार काड्या खुडील. घरची भाजी लावण्याचे हे माझ्या मते सर्वांत मोठे कारण होय. तिने ती भाजी कोणाकडे पैसे मागून आणलेली नसते.

शेवटी मंडळापुढे एक विचार ठेवते. मराठीत 'वाण' हा शब्द दोन अर्थांनी येतो. संक्रांतीला आपण लुटतो ते वाण, आणि बियाण्याची जात तेही वाण. आपण दर संक्रांतीला वाट्या, डबे, प्लास्टिकच्या टोपल्या लुटतो. प्रत्येकीच्या फडताळात त्यांची रास लागली आहे. येत्या संक्रांतीला आपण बियाण्याचे वाण लुटावे. प्रत्येकीने आपल्या घरचे एक बियाणे कागदाच्या पुडीत बांधून आणावे, पुडीवर भाजीचे नाव, कोणत्या महिन्यात लावावयाची ते, आणि बियाणे कोणाकडून आले तिचे नाव लिहावे. भेंडी, गवार, चवळी, माठ लगेच लावता येतील; काकडी-दुधी पहिल्या पावसासाठी जपून ठेवता येतील. पाड्यावरच्या भगिनींनाही आग्रहाने बोलवावे, कारण ह्या वाणात देण्यासारखे त्यांच्याकडेच अधिक आहे. शेवळ्याची आणि कंटोळीची माहिती त्यांच्याकडून ऐकून कोणी तरी वहीत उतरवून घ्यावी. आणि गॅलरीवाल्या लेकींसाठी एकेक पुडी जास्तीची बांधावी.

त्यात एक अट असावी. हे वाण सर्व स्त्रियांना द्यावे. कुंकू लावणारीला आणि न लावणारीलाही. अनुताई वाघ तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांच्या आत विधवा झाल्या. पुढे त्या व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे त्या वेळची सातवी, पास झाल्या, शिक्षिका झाल्या, आणि आपल्या टेकडीवर राहून त्यांनी हजारो मुलांना वाढवले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्या रीतीने पाहिले तर हळदीकुंकवाच्या बैठकीत त्यांना वाण मिळाले नसते. ज्या गावात अनुताई राहिल्या, त्या गावच्या मंडळाने तरी ओंजळ पुढे करणाऱ्या बाईच्या कपाळाकडे पाहू नये.